नवरा राखाडी, नवरी रंगीत

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या कपाटात जाड, चकचकीत पानांचा करिझ्मा अल्बम हमखास सापडतो. त्यातलं एक पान ठरलेलं असायचं. नवरी लालभडक शालूत, हिरव्या चुड्यासकट, मळवटासकट रंगीत. आणि शेजारचा नवरा, त्याचा फेटा, मागे उभे असलेले मामा, करवल्या, मांडवाची झालर, सगळं राखाडी. अल्बम जुळवणारा मिक्सिंगवाला त्याहून धीट असला तर अख्खं जोडपं राखाडी आणि हातातला गुलाब तेवढा लाल. अल्बम चाळताना एखादी आत्या मग विचारायचीच, "जावई असा आजाऱ्यागत का दिसतोय गं?" लोक हसायचे. आत्याचं निरीक्षण मात्र अचूक होतं, आणि त्यामागचं कारण १८३९ सालीच छापून आलेलं आहे. त्याकडे पुढे येऊच.

रंगीत फोटोतला काही भाग कृष्णधवल करायचा, या युक्तीला स्टुडिओत 'सिलेक्टिव्ह कलर' म्हणतात. ती सोपी झाली आणि सोपी झाल्यामुळे बदनाम झाली. आता तर फोनवरच एक बटण दाबलं की माणूस रंगीत आणि मागचं जग राखाडी होतं. पोर्ट्रेट काढणारे बरेच जण ही युक्ती म्हणजे उथळपणाची खूण मानतात. मला ते पटत नाही. फोटोच्या कुठल्या भागातला रंग काढायचा हे ठरवणं म्हणजे बघणाऱ्याची नजर कुठे थांबवायची हे ठरवणं, आणि पोर्ट्रेटमध्ये याहून महत्त्वाचा निर्णय दुसरा नाही. बिघडतं ते निर्णय न घेताच बटण दाबल्यामुळे. रंग काढायचा तो जिथे तो चेहऱ्याशी भांडत असेल तिथून. आणि तो काढल्यावर त्या जागी बघण्यासारखा उजेड-अंधार उरला पाहिजे. तो मुळातच नसेल, तर उरतो नुसता मळकट कागद.

कोल्हापुरात या विषयावर बोलायला एक जुनं कारणही आहे. इथल्या कित्येक हातांचं पोट अनेक वर्षं याच प्रश्नावर चाललं, फक्त उलट्या दिशेने. आज आपण रंगीत चित्रातून रंग काढतो. तेव्हा राखाडी चित्रावर रंग चढवत आणि कुठे चढवायचा नाही, हे ठरवत.

रंगीत फिल्म जिल्ह्याच्या गावांत परवडू लागण्याआधी स्टुडिओत फोटो निघायचा तो ब्लॅक अँड व्हाइट. हौस असली तर 'कलरिंग' करून मिळायचं, त्याचे पैसे वेगळे. काम दोन टप्प्यांत चाले. आधी टचिंग: निगेटिव्ह उतरत्या फळीच्या डेस्कवर ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, डोळ्यांखालची वर्तुळं भरून काढायची. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. मग खरखरीत, चकाकी नसलेल्या ब्रोमाइड कागदावर प्रिंट काढायची. पुष्कळदा ती आधी सेपिया करून घेत, कारण तपकिरी पायावर कातडीचा रंग चांगला बसतो. निव्वळ राखाडीवर तोच रंग मेलेला दिसतो. त्यानंतर काडीला कापूस गुंडाळून पातळ रंग.

या कामात एक शहाणपण होतं. चेहऱ्यावरचा रंग पारदर्शक आणि कमीत कमी: गालावर किंचित लाली, ओठांवर एक हलका हात. खालच्या फोटोतल्या सावल्या त्यातून दिसत राहायच्या, कारण ओळख त्या सावल्यांतच असते. लुगडं, पडदा, गालिचा यांवर मात्र जाड, अपारदर्शक रंग चालायचा. दागिन्यांवर तर पिवळ्याचे ठिपके उठून दिसतील असे ठेवत. एकोणिसाव्या शतकातल्या राजस्थान-गुजरातच्या रंगवलेल्या फोटोंमध्ये हेच टोकाला गेलेलं दिसतं. भिंत, खुर्ची, अंगरखा सगळं चित्रकाराने झाकून टाकलेलं आणि मध्यभागी चेहरा तेवढा कॅमेऱ्याचा. म्हणजे एकाच कागदावर दोन पद्धतींची चित्रं. आजच्या सिलेक्टिव्ह कलरचे पूर्वज हेच, आणि वंशजांपेक्षा त्यांचा नियम पक्का होता: माणूस जिथे ओळखायचा तिथे रंगाने लुडबुड करायची नाही.

कोल्हापूरला असे हात कमी नव्हते. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान, नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले आतेमामेभाऊ, पुढे दत्तोबा दळवी, बाबा गजबर ही नावं इथल्या कलाशिक्षणाला नवी नाहीत. आनंदराव आणि बाबूरावांना सिनेमाने झपाटलं. स्वतःचा कॅमेरा बनवायच्या खटपटीत असताना १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी १९१८ साली तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. मूकपट, अर्थातच कृष्णधवल.

इथे जरा थांबायला हवं, कारण त्या काळचं कृष्णधवल आणि आपण आज बटण दाबून करतो ते कृष्णधवल एक नव्हे. तेव्हाची सर्रास वापरली जाणारी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला निळं आणि हिरवं दिसायचं, लाल दिसतच नसे. त्यामुळे आभाळ पांढरंफटक, ओठ काळे, आणि कपाळावरचं कुंकू काजळाच्या टिळ्यासारखं काळं. गोऱ्या कातडीवरही डाग उमटायचे, म्हणून नट तोंडाला फिकट रंग फासून उभे राहायचे. लाल शालू हवा असेल तर तो पडद्यावर काळा दिसणार हे धरूनच कपडे निवडावे लागत. सर्गेई आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये (१९२५) जहाजावर लाल बावटा चढतो. खरा लाल बावटा फिल्मवर काळा आला असता, म्हणून पांढरा चढवला आणि मग फिल्मच्या प्रिंटवर एकेका चौकटीत हाताने लाल रंग भरला. सिनेमातल्या सिलेक्टिव्ह कलरचं सगळ्यात गाजलेलं जुनं उदाहरण जन्माला आलं ते असं, फिल्मच्या आंधळेपणावर मात करताना. सगळे रंग पाहणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सिनेमात सर्वदूर रुळली ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस.

बाबूराव चित्रकार असल्यामुळे त्यांच्या कामात एक गमतीची विभागणी दिसते. थिएटरात चित्र राखाडी, पण बाहेर रस्त्यावर लागणारं पोस्टर रंगीत, आणि तेही ते स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे टिकून राहिलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांतलं सगळ्यात जुनं मानलं जातं. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि १९२९ साली कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली. १९३३ साली प्रभातने गुरूंच्या पहिल्या चित्रपटाचंच नाव घेऊन रंगीत 'सैरंध्री' केला. प्रिंटसाठी फिल्म जर्मनीला गेली, शांताराम स्वतः गेले. हाती आलं ते भडक आणि विसविशीत. ती दोन रंगांची बायपॅक पद्धत होती: दोन निगेटिव्ह एकमेकींना चिकटवून चालवायच्या, एकीवर तांबडी बाजू, दुसरीवर निळी-हिरवी. दोनच रंगांत अख्खं जग बसवायचं म्हटल्यावर पिवळा आणि जांभळा धड कुठून येणार? भारतातला पहिला रंगीत चित्रपट म्हणून 'सैरंध्री'चं नाव घेतात. पण प्रभातची ज्यांनी कीर्ती वाढवली ते 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' सगळे नंतरचे आणि सगळे कृष्णधवल. रंग हातात आला म्हणून वापरलाच पाहिजे असं नाही, हे इतक्या महागात शिकलेली दुसरी कंपनी मला ठाऊक नाही.

आता आजच्या संगणकाकडे येऊ. रंगीत फोटोतला रंग काढला की नेमकं काय होतं?

रंगीत फोटोच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. राखाडी करताना या तिघांचा एकच आकडा करावा लागतो, आणि तो सरळ सरासरी काढून करत नाहीत. आपल्या डोळ्याला हिरवा उजळ वाटतो, निळा काळोखा. म्हणून टीव्ही-संगणकाच्या प्रचलित मानकात हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला अवघं ७ टक्के वजन असतं. याचा परिणाम नवरीच्या हाताशी बघा. लाल शालू आणि गडद हिरवा चुडा हे रंगात दोन टोकांना आहेत. पण उजळपणात ते इतके जवळ असू शकतात की राखाडी झाले की चुडा शालूत विरघळून जातो. फोटोग्राफर म्हणतो, "ब्लॅक अँड व्हाइट केलं की फोटो सपाट झाला." फोटो सपाट झाला नाही. तो आधीपासूनच सपाट होता, रंगामुळे ते कळत नव्हतं.

यावर उपाय आहे. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कृष्णधवल करताना आठ रंगांच्या पट्ट्या मिळतात आणि कुठला रंग किती उजळ राखाडी व्हावा हे एकेक करून ठरवता येतं. हिरवी पट्टी वर सरकवली की चुडा उजळतो, लाल खाली नेली की शालू गडद होतो. माणसाची कातडी गोरी असो, सावळी असो की काळी, तिचा रंग नारिंगीच्या आसपासच असतो. म्हणून नारिंगी पट्टी म्हणजे चेहऱ्याचा दिवा समजायला हरकत नाही. त्यातही आणखी एक खोच आहे. लाल प्रकाश कातडीत थोडा आत शिरतो आणि पसरून बाहेर येतो, त्यामुळे लाल वाहिनीतला, म्हणजे फक्त लालच्या आकड्यांतून उमटणारा, चेहरा नितळ दिसतो. निळा प्रकाश कातडीतल्या रक्तात आणि रंगद्रव्यात शोषला जातो, म्हणून निळ्या वाहिनीत प्रत्येक सुरकुती, मुरूम, वांग ठळक होतो. नवरीचा चेहरा लाल-नारिंगीतून राखाडी करावा, आणि सत्तरी ओलांडलेल्या वस्तादांचा चेहरा हिरव्या-निळ्यातून. उलट केलंत तर दोघेही रागावतील.

हे सगळं कसाला लावायचं असेल तर चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला जावं. जोतिबाचा डोंगर त्या दिवशी गुलाबी असतो. सासनकाठ्या नाचतात, चांगभलं होतं आणि गुलाल इतका उधळला जातो की माणूस, दगड, कळस वेगळे काढता येत नाहीत. इथे रंगीत पोर्ट्रेट काढणाऱ्याची पहिली फजिती कॅमेराच करतो. गुलालाचा किरमिजी-गुलाबी इतका तीव्र असतो की लाल वाहिनी भरून वाहते, त्यातला सगळा तपशील जातो आणि गालावरचा गुलाल रबराच्या थरासारखा सपाट दिसतो. कॅमेऱ्याचा साधा आलेख (हिस्टोग्राम) सगळं ठीक आहे असं सांगत असतो. तीन रंगांचे वेगवेगळे आलेख पाहिले तरच लालचं टोक भिंतीला धडकलेलं दिसतं. म्हणून तिथे एक्स्पोजर थोडं कमीच ठेवावं.

पण खरी मजा राखाडी करताना आहे. गुलाल लाल प्रकाश जवळजवळ सगळा परत पाठवतो आणि हिरवा गिळतो. लाल वाहिनीतून राखाडी केलं की गुलाल पार नाहीसा होतो: माणूस नुकताच आंघोळ करून आल्यासारखा स्वच्छ. हिरव्या वाहिनीतून केलं की तोच माणूस काजळी फासल्यासारखा काळा. एकच क्षण, एकच फोटो. "मी फक्त रंग काढला" असं म्हणणाऱ्याने मग सांगावं, कुठला रंग काढलात, आणि कुणाच्या डोळ्याने?

जोतिबावर सिलेक्टिव्ह कलर करायचा मोह सगळ्यांना होतो: गुलाल ठेवायचा, बाकी सगळं राखाडी. यात फोटो गुलालाचा होतो, माणसाचा होत नाही. नजर सगळ्यात तीव्र रंगाकडे आधी जाते. चेहरा राखाडी आणि बाजूचा ढग गुलाबी असेल तर बघणारा ढगच बघणार. माझं मत विचाराल तर इथे उलटं करावं. गर्दीचा गुलाबी पुसूनही टाकू नये. तीव्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांनी कमी करून तो फक्त कुजबुजता ठेवावा, आणि ज्याचा फोटो आहे त्याच्या चेहऱ्यावरचा गुलाल आहे तसा ठेवावा. पूर्ण काढणं आणि पूर्ण ठेवणं यांच्यामध्ये मोठी जागा आहे, हे बहुतेक अल्बमवाल्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. तिथे गुलाल नाही, भंडारा. हळदीचा पिवळा हा उजळपणात पांढऱ्याच्या अगदी शेजारी बसतो, त्यामुळे राखाडीत भंडारा हटकून पांढरा होतो. रंगीत फोटोत जे सोनं उधळल्यासारखं वाटत होतं, ते राखाडीत गिरणीत उडालेलं पीठ दिसतं. भंडाऱ्याचा फोटो पूर्ण कृष्णधवल करू नये असं मी म्हणेन ते यासाठी. मात्र त्याच यात्रेत असाही माणूस भेटतो ज्याच्यासाठी कुठल्याच सॉफ्टवेअरची गरज नाही. पांढरं धोतर, पांढरी मिशी, खांद्यावर काळं घोंगडं घेतलेला धनगर म्हातारा. तो मुळातच कृष्णधवल आहे. भोवती पिवळा धुरळा उडू द्यावा आणि शटर दाबावं. माणूस राखाडी आणि जग रंगीत, हा प्रकार मला फक्त अशाच वेळी पटतो. जिथे त्या माणसाकडे काढून घेण्याजोगा रंग फारसा नव्हताच, तिथे.

अशी युक्ती कॅमेऱ्यासमोरच करता आली तर सगळ्यात उत्तम. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, तिथली लहान देवळं, समाध्या सगळं काळ्या दगडात आहे. पावसाळा ओसरल्यावर एखाद्या ढगाळ सकाळी दगड ओला असताना तिथे हिरवं इरकली लुगडं नेसलेल्या बाईला बसवा. ढगांमुळे सावल्या मऊ, दगडाला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच, नदीचं पाणी शिशाच्या रंगाचं. फोटोत रंग उरतो तो लुगड्याचा, कुंकवाचा आणि कातडीचा. लोक विचारतात, मागचं ब्लॅक अँड व्हाइट केलंय का? काही केलेलं नसतं, जागा निवडलेली असते. शिवाय यात कडा कुठेच कापलेल्या नसल्यामुळे खोटेपणाचा वास येत नाही.

आणि काही ठिकाणी ही युक्ती करूच नये. तालमीत मी ती अजून एकदाही जमलेली पाहिलेली नाही. आखाड्यातली तांबडी माती ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळलेली असते आणि पैलवानाच्या अंगाला, केसांना, पापण्यांनासुद्धा चिकटलेली असते. अंगाचा रंग कुठे संपतो आणि मातीचा कुठे सुरू होतो हे खुद्द पैलवानालाही सांगता येणार नाही. अशा फोटोत मिक्सिंगवाला पैलवान रंगीत ठेवतो आणि आखाडा राखाडी करतो. मग पाठीवरची माती तांबडी आणि पायाखालची तीच माती सिमेंटसारखी. बघणाऱ्याला चूक कुठे आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी तुटलं आहे हे कळतं. तुटलं आहे ते त्या दोघांचं नातं. तालमीचा फोटो एक तर पूर्ण रंगीत असावा, एक तर पूर्ण कृष्णधवल. आणि कृष्णधवल असेल तर वरच्या झरोक्यातून येणारा उजेड त्यात असावा, नाहीतर काढूच नये.

आता आत्याबाईंचा जावई. मिशेल-यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध गालिचा-कारखान्यात रंगाईचं काम बघत. विणकरांची तक्रार होती की काळा धागा फिका पडतो, रंग नीट चढलेला नाही. शेव्रलने धागा तपासला. रंग ठीक होता. दोष शेजाऱ्यांचा होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की काळा मळका दिसे. यातून त्यांनी रंगांच्या शेजाराचा नियम मांडला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ छापला: कुठलाही रंग शेजारच्या रंगात स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक भरतो. लालच्या शेजारी राखाडी ठेवा, ते किंचित हिरवट-निळसर दिसेल. लालभडक शालूशेजारचा शुद्ध राखाडी नवरा त्यामुळेच हिरवट दिसतो, आणि हिरवट चेहरा म्हणजे आपल्या डोळ्यांना आजारपण. संगणकावर त्या राखाडीचे आकडे अगदी समान असतील. डोळा आकडे बघत नाही.

यावर जुन्या कलरिंगवाल्यांचा सेपियाचा पाया आठवावा. रंगीत भागाशेजारच्या राखाडीत तपकिरीची अगदी थोडी ऊब मिसळली की आजारपण उतरतं. शालूची तीव्रताही किंचित खाली आणावी. पण त्याहून साधा नियम मी स्वतःपुरता केला आहे: एका चौकटीत एकाची कातडी रंगीत ठेवली तर दुसऱ्या कुणाचीही राखाडी करायची नाही. झालर करा, भिंत करा, खुर्च्या करा, मंगल कार्यालयाचा तो जांभळा पडदा तर अवश्य करा. माणसांत भेद नको. नवऱ्याला राखाडी करणं विनोदी असतं. आईला राखाडी केलेलं मात्र पाहवत नाही. कृष्णधवल चेहरा आपल्याकडे भिंतीवर हार घालून लावलेला असतो, ही सवय डोळ्यांतून अजून गेलेली नाही.

प्रत्यक्ष काम करताना घात होतो तो कडांवर. रंगीत भाग मास्क करून वेगळा काढताना तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे उसना रंग. लाल शालूवरून उडालेला प्रकाश हनुवटीच्या खालच्या बाजूला आणि शेजारच्याच्या बाहीवर पडलेला असतो. शालू राखाडी केला तरी हनुवटीखाली तांबडी झाक तशीच राहते, आणि कारण दिसेनासं झाल्यामुळे ती पुरळ उठल्यासारखी वाटते. तिथे हाताने, कमी दाबाच्या ब्रशने रंग उतरवावा लागतो. दुसरी गोष्ट केस. मोकळ्या बटांमधून मागचा रंग दिसत असतो. फोनमधलं बटण बट आणि पार्श्वभूमी यांत गोंधळतं आणि डोक्याभोवती रंगीत साय उरते. केसांच्या कडेचा रंग सरळ काढून टाकावा. काळ्या केसांना रंग कितीसा असतो?

तिसरी गोष्ट फाइलची, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. जेपेग फाइल जागा वाचवण्यासाठी उजेडाचा तपशील पूर्ण रुंदी-उंचीत ठेवते, पण रंगाचा तपशील पुष्कळदा रुंदीत निम्मा आणि उंचीत निम्मा करून टाकते. डोळ्याला एरवी ते कळत नाही. पण रंगाच्याच कडेवर कात्री चालवायची म्हटली की ती कड मुळात धूसर असते, आणि नथीच्या मोत्यांभोवती किंवा फेट्याच्या तुऱ्याभोवती रंग बाहेर सांडलेला दिसतो. त्यात जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये १२ बिटांच्या ४,०९६ किंवा १४ बिटांच्या १६,३८४. लाल पट्टी जोरात खाली ओढली की जेपेगमधला शालू पायऱ्यापायऱ्यांनी फाटतो. म्हणून असं काही करायचा विचार असेल तर रॉमध्येच काढावं. मास्कची कड चाकूने कापल्यासारखी ठेवू नये, दोन-तीन पिक्सेल मऊ करावी. आणि मूळ फोटोवर काम न करता वरच्या थरावर करावं, म्हणजे आठवड्याने मत बदललं तर परत फिरता येतं. मत बदलतंच.

शेवटी प्रिंट. पडद्यावर नेमकं वाटलेलं काम लॅबमधून आल्यावर बिनसतं, कारण लॅबच्या रंगीत फोटो-कागदात राखाडीसाठी वेगळा रंग नसतो. निळसर, किरमिजी आणि पिवळा यांच्या मिश्रणातून ते राखाडी तयार होतं. मिश्रणात एक थोडा जास्त झाला की सगळा राखाडी भाग गुलाबी किंवा हिरवट होतो. पूर्ण कृष्णधवल फोटोत ही झाक डोळा सोडून देतो, पण शेजारी खरा रंग असला की चोरी लगेच पकडली जाते. म्हणून अल्बमची चाळीस पानं एकदम छापायला टाकण्याआधी चार बाय सहाची एक प्रिंट काढून घ्यावी. ती खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघावी, मग रात्री घरातल्या दिव्याखाली. दोन्हीकडे राखाडी राखाडीच राहिलं तर बाकीची छापायला हरकत नाही. एकीकडे झाक दिसली तर लॅबवाल्याला ती प्रिंट दाखवून किरमिजी एक-दोन अंकांनी कमी-जास्त करून मागावं. तो कुरकुरेल, पण करून देतो.